आमसुलाला विशेषण कशाला?

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी देवगडची. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब लिहिते आणि रात्री कथा. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला माझ्या आजीवरची कथा पाठवली होती. ती परत आली. सोबत संपादकांनी हाताने लिहिलेली एक ओळ होती : ‘उपमा भरपूर, दिसत मात्र काहीच नाही.’ मला ते फार लागलं. शाळेत अलंकारात मला पैकीच्या पैकी मार्क असायचे. उपमेय, उपमान, सगळं ओळखता येतं. मग लिहिताना काय चुकतं? उपमा कुठे वापरायची आणि रूपक कुठे? एका पानात किती चालतात? आणि आमच्याकडचे शब्द घातले तर पुण्या-नागपूरच्या वाचकाला ते कळणार कसे? कथेतला एक तुकडा खाली देते. मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

‘समोर समुद्र निळ्या शालूसारखा पसरला होता. सूर्य सोन्याच्या ताटासारखा त्यात बुडत होता. आजीचा चेहरा सुरकुतलेल्या आमसुलासारखा दिसत होता, पण तिचं मन फणसाच्या गऱ्यासारखं गोड होतं. तिच्या डोळ्यांत दुःखाचा महासागर उसळत होता आणि आठवणींच्या रापणीत ती एकटीच अडकली होती.’

– दर्याकाठची, देवगड

उत्तर

प्रिय दर्याकाठची,

आधी त्या संपादकांवरचा राग सोड. ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठीवर भागत असताना ज्याने पेन उचलून एक ओळ जास्त लिहिली, त्याने तुझी कथा शेवटपर्यंत वाचली होती. मला तर ती ओळ आवडली. इतका नेमका नकार मला उभ्या आयुष्यात दोनदाच आला असेल.

कथा तू सगळीच पाठवलीस ते बरं केलंस, पण बोलू या तुकड्याबद्दलच. चार वाक्यांत सहा तुलना. त्यांतल्या पाच उसन्या आणि एक तुझी. फणस आणि रापण आपल्या मुलखातली म्हणून ती आपोआप तुझी होत नाहीत, हे आधीच सांगतो. आमसूल तेवढं तुझं. ते लिहिताना तुझा हात क्षणभर थांबला असेल, बाकीच्यांना थांबला नसेल. खरं की नाही?

शालूपासून सुरुवात करू. शालू तू किती वेळा हाताळला असशील? दोन-चार लग्नांत. समुद्र तर दारात आहे. रोज बघतेस ते समजावायला क्वचित बघितलेलं पुढे करतेस, म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना पाहुण्यापुढे बाटलीतलं पाणी ठेवण्यासारखं झालं. (बघ, मीही एक उपमा टाकलीच. तिचीही परीक्षा घे.) आणि निळा कसा? तुझ्या कथेत तर पहिला पाऊस होऊन गेलाय. खाडीचं लाल पाणी शिरलं की किनाऱ्यालगतचा समुद्र उकळलेल्या चहाच्या रंगाचा होतो, हे मी तुला वेंगुर्ल्यात बसून सांगावं?

सोन्याच्या ताटाचं तर विचारूच नकोस. ते तू पाहिलेलं नाहीस, मीही नाही, आणि पाण्यात सोडलं तर ते तिरकं होऊन सर्रकन तळाला जाईल. सूर्य तसा जात नाही. उद्या कारखाना सुटल्यावर किनाऱ्यावर जाऊन नीट बघ. पाण्याला टेकायच्या आधीच त्याचा गोल बिघडतो. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या जाड थरांतून येताना वाकतो, खालच्या काठाकडचा जास्त वाकतो, म्हणून खालची बाजू वर उचलल्यासारखी दिसते आणि सूर्य चेपतो. तव्यावर ओतलेलं आंबोळीचं पीठ बसतं, तसा बसतो. तुझ्या आजीने हे हजारदा बघितलं असणार. तिला विचारलं असतंस तर तिने ताट सांगितलं नसतं, तवा सांगितला असता.

हे मी काही मोठा शहाणा म्हणून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका अंकात मी एका म्हाताऱ्या तांडेलाबद्दल, म्हणजे होडीच्या म्होरक्याबद्दल, लिहिलं होतं, ‘सुपारीच्या झाडासारखा ताठ’. अंक घरी आला तसा खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. आमच्या सुपाऱ्या काढायला येणारा गडी पायरीवर चहा पीत होता. तो हसला आणि म्हणाला, ‘ताठ खयची, मास्तरानू? ताठ आसा तर झोको कशी देता?’

तो एका झाडावर चढतो, शेंड्याशी पोचला की अंगाच्या भाराने झाड हलवतो आणि झोका पुरेसा आला की शेजारच्या झाडाचा शेंडा धरून तिकडे जातो. खाली न उतरता अख्खी रांग करतो. दुरून सरळसोट दिसणाऱ्या त्या झाडाचा सगळा जीव वाकण्यात आहे. मी त्या बागेत वाढलो, आणि एवढी वर्षं ते झाड दुरूनच बघत होतो. त्या गड्याला आधी विचारलं असतं तर माझा तांडेल वाऱ्याबरोबर झुकणारा आणि न मोडणारा झाला असता. आणि खरा तांडेल तसाच होता! अंक छापून झालेला. काय करणार? तेव्हापासून कुठलीही उपमा लिहिली की मी मनातल्या मनात त्या पायरीकडे बघतो.

आता तुझे मार्क. उपमेची चार अंगं तुला पाठ आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. तुझ्या वाक्यात आजीचा चेहरा, आमसूल, सुरकुतलेपण आणि ‘सारखा’. चारही हजर, म्हणजे पूर्णोपमा. परीक्षेत पूर्ण मार्क. पण लिहिताना चौघांनाही हजर ठेवलं की बहुतेक वेळा बेत फसतो. साम्य कशात आहे ते तू आधीच सांगून टाकलंस, मग वाचकाने शोधायचं काय? तो ‘सुरकुतलेल्या’ वाचतो, मान हलवतो आणि पुढे जातो. आमसुलाकडे त्याने बघितलेलंच नसतं. एखादं अंग गाळलेल्या उपमेला आपल्या जुन्या शास्त्रकारांनी लुप्तोपमा असं नाव देऊन ठेवलंय. वर्गात आम्ही ती एका ओळीत उरकायचो, मीसुद्धा उरकली आहे, तीस वर्षं. लिहिणाऱ्याच्या कामाची मात्र तीच.

तेव्हा ‘सुरकुतलेल्या’ खोड. ‘आजीचा चेहरा आमसुलासारखा होता.’ आता वाचक थांबतो. रंग आठवतो, काळपट जांभळा. बोटांना लागणारा ओशट खारटपणा आठवतो. जिभेला आंबट सुटतं. एक शब्द काढल्यावर एवढं आत आलं.

पण मला त्याहून पुढे जायचंय. तुमच्या घरी मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात ना? सालं वेगळी करायची, आतल्या गराचा रस काढायचा, त्यात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून उन्हात टाकायची. संध्याकाळी पुन्हा त्याच रसात, सकाळी पुन्हा उन्हात. पुटावर पुट. लालभडक साल दिवसागणिक काळवंडत जाते. म्हणजे आमसूल नुसतं उन्हाने वाळलेलं नसतं, ते स्वतःच्याच रसात परत परत बुडवून, मिठासकट वाळवलेलं असतं. आता तुझी आजी बघ. नवरा मुंबईला गिरणीत, दोन मुलं गेलेली, तिसऱ्याने घर वाटून मागितलेलं. हे सगळं तुझ्याच कथेत आहे. तिच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला बाहेरचा माणूस सुरकुत्या म्हणेल. तुमच्या घरात त्याला पुटं म्हणायला हवं. इतकी मोठी गोष्ट तुझ्या हातात आली होती, आणि तू तिच्यापुढे एक विशेषण उभं करून तिचं तोंड बंद केलंस.

उसन्या पाचांतला फणस जरा विशेष आहे. ‘कोकणी माणूस फणसासारखा, बाहेरून काटेरी, आतून गोड’ हे भाषण ऐकलं नाही असा मराठी माणूस नसेल. हे म्हणणाऱ्या किती जणांनी फणस फोडलाय, अशी मला शंका आहे. फोडणाऱ्याला काट्यांचं काही वाटत नाही. त्याला धास्ती चिकाची. आधी हाताला खोबरेल, कोयतीला खोबरेल, खाली कागद, तरी चीक लागतोच आणि साबणाने जात नाही. शिवाय फणस कापा की बरका? काप्याचा गरा कडक, चावून खायचा. बरक्याचा लिबलिबीत, घशाखाली सरकतो. आजीच्या मनाला फणस म्हणायचंच असेल तर म्हण, पण चिकासकट म्हण. तिच्या मायेला हात लावला की ती चार दिवस सुटायची नाही, असली काही आजी असेल तर फणस पुन्हा ताजा होईल. बांगडा घेताना तू कल्ला उचलून बघतेसच. आत लाल असला तर घेतेस, पांढरट पडलेला असला तर कोळणीने कितीही शपथा घेतल्या तरी पुढे जातेस. उपमेच्या बाबतीत आपण शपथेवर विश्वास ठेवतो.

रापणीवर जरा जास्त बोलतो, कारण तिथे तुझी चूक गमतीची आहे. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारून येते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन रांगा लागतात, बाप्ये, बायका, सुट्टीला आलेली पोरं, कधी कधी हौशी पर्यटकसुद्धा, आणि ओढता ओढता त्या रांगा एकमेकींच्या जवळ सरकत जातात. शेवटी वाळूवर तडफडणारा ढीग येतो, त्यात पेडवे असतात, खेकडे असतात, प्लॅस्टिकच्या पिशव्याही असतात. मग वाटे पडतात. आता मला सांग, रापणीत ‘एकटं’ कोण असतं? ओढणारा एकटा नसतो आणि सापडणारा मासाही एकटा नसतो. आणि रापणीत मासा ‘अडकत’ नाही, तो वेढला जातो. कल्ल्यांत सूत रुतून मासा अडकतो ते जाळं वेगळं, ते पाण्यात उभं लावतात. एकट्या माणसाने फेकायचा तो पाग. एकट्याने तासन्‌तास बसून गरवायचं ती गरी, म्हणजे गळ. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर चार तऱ्हेची साधनं आहेत, आणि एकटेपणासाठी तू नेमकं ते उचललंस जे ओढायला चाळीस माणसं लागतात.

आणि तरीही रापण टाकून द्यावी असं मला वाटत नाही. आजीच्या बाराव्याला सगळं गणगोत जमलंय, दोन बाजूंचे भाऊ दोन दिशांनी तिच्या आयुष्याबद्दल बोलतायत, बोलता बोलता जवळ येतायत आणि शेवटी सगळ्यांच्या मधे काय काय येऊन पडतंय, त्यात नको ते सुद्धा, आणि मग वाटे : तिथे रापण चपखल बसेल. तुझ्या कथेचा शेवट बाराव्याचाच आहे. रापण चुकीच्या पानावर गेली, एवढंच.

‘दुःखाचा महासागर’, ‘आठवणींची रापण’. षष्ठीचा प्रत्यय लावून दोन नामं जोडली की रूपक झालं, ही समजूत आपल्याकडे फार. विचारांचं काहूर, आशेचा किरण, यशाचं शिखर, प्रेमाचा झरा. निरोप समारंभात ही गोणीने सापडतात. जोडणीत दोष नाही. पसायदानात ‘दुरिताचे तिमिर जावो’ आहे, तीही षष्ठीच. पण तिथे ‘जावो’ हे क्रियापद दुरितालाही लागतं आणि तिमिरालाही. आणि अंधार जायचा तर काहीतरी उगवायला हवं, म्हणून पुढच्याच चरणात स्वधर्माचा सूर्य येतो. चित्र एकदा धरलं ते सोडलं नाही. तुझ्याकडे काय होतं बघ. महासागर उसळतो, ठीक. मग आजी ढसाढसा रडतेय का? कथेत तर ती सगळा वेळ मान खाली घालून तांदूळ निवडते आहे. बरं, समुद्र तिच्या डोळ्यांत, आणि त्याच वाक्यात ती समुद्रातल्या जाळ्यात. मग बाई आहे तरी कुठे?

उपमा कुठे आणि रूपक कुठे, हे विचारलंस. ‘रूपक’ या शब्दाचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे : नाटक. दहाव्या शतकातल्या धनंजयाने नाटकाच्या दहा प्रकारांवर ‘दशरूपक’ लिहिलं, त्यात नाटकाला रूपक का म्हणायचं याचं कारण दिलंय. नटावर रूपाचा आरोप होतो म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जत्रेतला दहिकाला, म्हणजे दशावतारी नाटक, आठवला. दुपारी ज्याला ट्रकमधून चिरे उतरवताना बघितलं तोच माणूस रात्री स्वतःच्या हाताने तोंड रंगवून, मुकुट बांधून लाकडी बाकड्यावर येऊन बसतो. ते सिंहासन. ‘सिंहासनासारखं बाकडं’ असं तिथे कोणी म्हणत नाही. पुढच्या प्रवेशात त्याच बाकड्यावर उभा राहून राक्षस गर्जना करतो, तेव्हा तो डोंगर. लिहिलेली संहिता नाही, पडदे नाहीत, हार्मोनियम आणि पखवाज आहे, आणि पहाटेपर्यंत गाव त्या बाकड्याला जे सांगितलं जाईल ते मानतं.

उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या राहतात, वाचक एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे आणि पुढे चालू लागतो. रूपकात एक दुसरीच्या अंगात येते. म्हणून उपमा एका वाक्यापुरती पुरते आणि रूपकाला बराच वेळ निभवावं लागतं. राजाने मधेच कंबरेचा मोबाइल काढून बघितला की बाकडं परत बाकडं होतं. ‘आजीचा चेहरा आमसुलासारखा’ म्हटलंस तर तुझी जबाबदारी तिथे संपली. ‘आजी म्हणजे आमसूल’ म्हटलंस तर मग पुढची पाच पानं रस, मीठ आणि ऊन सांभाळायला लागेल, आणि मधेच तिला फणस करता येणार नाही. तुझ्या कथेला मी उपमाच सुचवेन. रूपक निभवायचा दम अजून यायचाय, तो येईल.

एक प्रकार मात्र तुला आत्ताच जमतो, तुझ्या लक्षात आलेला नाही. कथेत दुसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस, ‘दर्याने खालची वाडी खाल्ली’. हे रूपकच. खाणाऱ्या जनावराचं नाव नाही, ‘जणू’ नाही, सगळं काम क्रियापदाने केलं. आपली बोली यानेच भरलेली आहे : वारा पडला, पाऊस उघडला, मोहोर करपला. ‘जणू’ दिसला की तो खोडून क्रियापद बदलून काम भागतं का ते बघ. आणि मराठीत हिरवागार, पिवळाधमक, काळाकभिन्न असे शब्द असताना रंगासाठी उपमा शोधत फिरायची गरज क्वचित पडते.

आता आजी-आजोबांच्या संसाराचं. ‘त्यांच्या संसाराला ओहोटी लागली’ असं तू लिहिलंस. शहरातल्या माणसाने लिहिलं तर मी सोडून देईन, तुला सोडणार नाही. ओहोटी तुझ्याकडे वाईट कधीपासून झाली? खडक उघडे पडले की बायका कालवं काढायला जातात, वाळू उघडी पडली की तिसऱ्या, म्हणजे शिंपले. समुद्र मागे हटतो तेव्हाच तर आपली चूल पेटते. दिवसातून दोनदा पाणी जातं, दोनदा येतं, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. त्यात कसली आलीय शोकांतिका?

पुनवेला, अवसेला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. ‘आनंदाला उधाण आलं’ हे आता समुद्र न बघितलेला माणूसही म्हणतो. त्या शब्दाचा कल्ला कधीच पांढरा पडला. पण उधाणाचा जोडीदार अजून तसाच पडून आहे. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या दिशांना ओढतात, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. तुझे आजोबा गिरणी सुटल्यावर कायमचे गावी आले. त्यानंतरची वीस वर्षं त्या घरात भांडण नाही, बोलणं नाही, एक जण ओटीवर, एक जण माजघरात. हे वाचताना मला सारखा तो शब्द सुचत होता. भांगाचं पाणी. घे, वापर. मी कुठे वापरलेला नाही.

तू लगेच म्हणशील, शहरातल्या वाचकाला भांग म्हटल्यावर होळी आठवेल, नाहीतर केसांतला भांग. बरोबर आहे. हाच तुझा शेवटचा प्रश्न होता. कंसात अर्थ देऊ नकोस आणि तळटीप तर नकोच. गोष्ट वाचता वाचता कोणाला शब्दकोशात शिरायचं नसतं. उपमेचा उपयोग व्हायच्या आधी ती वस्तू कथेत एकदा घडू दे. पहिल्या पानावर आजी शेजारणीला नुसतं म्हणू दे, ‘आज भांग आसा. पाणी सुकाचा नाय, कालवांका जाव नको.’ लातूरच्या वाचकाला मालवणी येत नसेल, पण पाणी सुकणार नाही, जाऊ नको, एवढं त्याला कळतं. पुढे सातव्या पानावर तू संसाराला भांगाचं पाणी म्हटलंस की त्याच्या खिशात अर्थ आधीच असतो. आमसुलाचंही तेच. आधी कुठेतरी आजीचे हात रसात बुडालेले दाखव, त्या वेळी उपमेचं नावही काढू नकोस. चेहऱ्याची वेळ येईल तेव्हा ‘आमसूल’ एवढा एकच शब्द पुरेल.

किती चालतात? याला आकडा नाही. तू ज्ञानेश्वरी पुढे करशील याची मला कल्पना आहे. १२९० साली लिहिलेल्या त्या ग्रंथात एकेका मुद्द्यावर दृष्टान्तांची रांग लागते आणि ती नकोशी होत नाही. पण तिथे सांगायचं आहे ते डोळ्यांना दिसणारं नाही. आत्मा, ज्ञान, भक्ती. एक चित्र अपुरं पडतं म्हणून दुसरं, दुसरं अपुरं म्हणून तिसरं. आजीचा चेहरा तर समोर आहे. दिसणाऱ्या वस्तूला दोन उपमा दिल्या की त्या एकमेकींशी भांडतात. तुझ्या एका वाक्यात आमसूल आंबट आणि लगेच गरा गोड, दोघांनी मिळून वाचकाच्या तोंडाची चव घालवली.

तेव्हा तुकडा पुन्हा लिहायला घेशील तेव्हा पहिला खर्डा एकही ‘सारखा’ न वापरता लिही. समुद्र कसला होता, सूर्य कसा गेला, आजी काय करत होती, नुसतं सांग. अवघड जाईल, वाक्यं उघडी-बोडकी वाटतील, दोन दिवस तशीच राहू देत. मग वाचताना जिथे तुला स्वतःला नीट दिसणार नाही तिथेच एक उपमा घाल. माझा अंदाज, एकच लागेल. कदाचित ती सुद्धा नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे सोलं कशावर वाळत घालायची, सुपात, पत्र्यावर, की खळ्यात जुन्या साडीवर? आणि वळवाचा पाऊस अचानक आला की ती आत घ्यायला कोण धावायचं? कथेत आजी इतकी वर्षं त्या घरात आहे, पण धावताना ती मला एकदाही दिसली नाही.

तुझा,
काका
वेंगुर्ला